एथिकल हॅकिंगसाठी काय करू? बजेट ३० हजार (कृपया वाचून उत्तर द्या)

नाईटशिफ्टवाला · पहाटे ३:४०
नमस्कार मंडळी. गाव कराड, सध्या हिंजवडीत एका कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर, दोन वर्षं झाली. बीसीएस झालंय. लोकांचे पासवर्ड रिसेट करून करून विटलोय, सिक्युरिटीत जायचंय. एका क्लासमध्ये चौकशी केली तर ८५ हजार, सहा महिने, सीईएच (एथिकल हॅकिंगचं एक प्रमाणपत्र) आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. तिथल्या मॅडम रोज फोन करतात, सवलत शुक्रवारी संपते म्हणे. माझ्याकडे ३० हजार आहेत, कर्ज काढायचं नाही. लॅपटॉप ८ जीबीचा. काय करावं?

बंडूनाना
सीईएच करा. माझ्या मेहुण्याच्या मुलानं केलं, लगेच चिकटला. शिक्षणाच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

कंदमूळ
सीईएच म्हणजे चार तासांत १२५ प्रश्नांना टिचक्या मारायच्या. करायचं तर ओएससीपी, हॅकिंगचं प्रत्यक्ष करून दाखवायचं प्रमाणपत्र. २३ तास ४५ मिनिटं परीक्षा, मशीन खरोखर फोडायची, मग रिपोर्टला आणखी २४ तास. १०० पैकी ७० लागतात. मी दुसऱ्या खेपेला निघालो. पहिल्या वेळी ४० वर अडकलो होतो, त्यात रात्री दोनला आईनं कॅमेऱ्यासमोर साबुदाण्याची खिचडी आणून ठेवली आणि प्रॉक्टर (ऑनलाइन पर्यवेक्षक) चॅटवर विचारतोय, खोलीत कोण आलं? आई म्हणते, त्यांनाही विचार खाणार का. खर्च सव्वा लाखाच्या पुढे जातो, पण एकदाच करायचाय ना!

नाईटशिफ्टवाला
दादा, ३० हजार. तीस.

टॅलीचा_बळी
काहीही करा, पण काली लिनक्स (हॅकिंगच्या साधनांसकट येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) थेट लॅपटॉपवर चढवू नका. मी बारावीत असताना वडिलांच्या कॉम्प्युटरवर चढवलं. पार्टिशनचं विचारलं तेव्हा बिनधास्त 'होय' दाबलं. दुकानाचा तीन वर्षांचा टॅलीचा डेटा गेला, बॅकअप त्याच डिस्कवर. वडील दोन महिने माझ्याशी सीएमार्फत बोलत होते. व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नकली कॉम्प्युटरमध्येच चालवा, आणि ८ जीबीत दोन मशीन रडतात, रॅमची एक पट्टी वाढवून घ्या.

कंदमूळ
८ जीबी पुरते. एनमॅपसारख्या नेटवर्क तपासायच्या टूलला काय लागतं?

टॅलीचा_बळी
एनमॅपला नाही, ज्याच्यावर सराव करायचा त्या विंडोज मशीनला लागतं साहेब.

चिपळूणची_माई
मी एका सॉकमध्ये (हल्ल्यांवर चोवीस तास नजर ठेवणारा विभाग) टीम लीड आहे, मुलाखती घेते. सीईएचला नावं ठेवू नका. एचआरच्या चाळणीतून आणि कित्येक टेंडरांतून ते नाव असल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे खरं. पण माझ्यासमोर बसलेल्याला मी टीसीपीचा हँडशेक, म्हणजे दोन कॉम्प्युटर जोडणी कशी सुरू करतात हे प्राथमिक, विचारते आणि दहातले सात खाली बघतात.

नाईटशिफ्ट, तुम्ही त्या क्लासला एकच प्रश्न विचारा: ८५ हजारांत ईसी-कौन्सिलच्या (सीईएच देणारी संस्था) परीक्षेचं व्हाउचर, म्हणजे परीक्षेची फी, धरलंय का? पुष्कळ ठिकाणी 'सीईएच' म्हणजे फक्त अभ्यासक्रम असतो आणि हातात पडतं ते क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र. ट्रेनिंग न घेता थेट परीक्षा द्यायची तर दोन वर्षांचा सिक्युरिटीतला अनुभव दाखवावा लागतो, सर्व्हिस डेस्क त्यात धरतील याच्या भरवशावर राहू नका.

दुसरं, पासवर्ड रिसेटला तुच्छ लेखू नका. २०२३ मध्ये लास वेगासच्या एमजीएम या कॅसिनो-हॉटेल कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी कर्मचारी असल्याचं भासवून हेल्पडेस्कलाच फोन केल्याचं बातम्यांत आलं होतं. म्हणजे तुमच्याच खुर्चीला! ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतली सगळ्यांची खाती सांभाळणारी यंत्रणा, तुम्ही रोज हाताळता. खातं का लॉक झालं, कुठल्या मशीनवरून झालं, हे लॉगमध्ये बघायला शिका. सॉकचं अर्धं काम तेच.

बंडूनाना
टेंडरचं बरोबर. म्हणूनच म्हणतो, सीईएच करा. आमच्या पुण्यात २०१८ ला कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, तेव्हा कुठे होते हे ओएससीपीवाले?

कंदमूळ
मी तेव्हा अकरावीत होतो नाना.

डुप्लिकेट_पाटील
बग बाउंटीच्या (कंपन्यांच्या साइटमधल्या चुका शोधून बक्षीस मिळवायच्या) नादी लागू नका एवढंच सांगतो. आठ महिने रात्री जागलो. सतरा रिपोर्ट, त्यातले बारा 'डुप्लिकेट' (आधीच कुणी कळवलेले), चार 'माहितीपर' (बक्षिसाच्या लायक नसलेले), एकाचे पैसे मिळाले त्यात बायकोला मिसळ खाऊ घातली. यूट्यूबवर नुसते लाखांचे आकडे दाखवतात. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी मात्र सोन्यासारखी आहे, फुकट आहे, बर्प सूट या त्यांच्याच वेबसाइट तपासायच्या टूलची फुकट आवृत्ती बऱ्याच लॅबला पुरते.

अनामिक_विद्यार्थी
पोर्टस्विगरला +१. लिनक्स कच्चं असेल तर ओव्हरदवायर या साइटवरचा 'बँडिट' हा लिनक्स शिकवणारा खेळ आधी खेळा. शिवाय एनपीटेल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा १२ आठवड्यांचा कोर्स आहे, शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर हजार रुपये.

आणि परवानगी लेखी घ्या. मी कॉलेजच्या पोर्टलमध्ये भोक शोधलं, मोठ्या उत्साहानं प्राचार्यांना मेल केला. शाबासकी मिळेल वाटलं, त्यांनी वडिलांना बोलावलं. टेबलावर आयटी कायद्याच्या कलम ६६ ची झेरॉक्स: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते भोक अजून तसंच आहे म्हणतात, मी बघायला गेलेलो नाही.

कंदमूळ
बजेट कमीच असेल तर ईजेपीटी, नवशिक्यांचं हॅकिंगचं प्रमाणपत्र. ४८ तास, ३५ प्रश्न, लॅबमध्ये हात घालूनच उत्तरं काढावी लागतात. वीस-बावीस हजारांत बसावं. हे आधीच सांगणार होतो.

टॅलीचा_बळी
आधी खिचडी सांगितलीत.

सीडॅकवाली
पुण्यात राहून सीडॅकचं कुणी काढलं नाही? त्यांचा डीआयटीआयएसएस हा सिक्युरिटीचा डिप्लोमा करा, त्याची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्या. सहा महिने पूर्णवेळ, नोकरी सोडावी लागेल. फी लाखावर जाते.

नाईटशिफ्टवाला
ताई, नोकरी सोडली तर तीस हजारही राहणार नाहीत.

नाईटशिफ्टवाला · नऊ दिवसांनी
माईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. व्हाउचर धरलेलं नव्हतं. मॅडमचे फोन बंद झाले, सवलत मात्र अजून चालू आहे.

तुम्ही सगळे रागवाल, पण त्याच क्लासला नाव घातलं. पूर्ण कोर्स नाही. नेटवर्किंग आणि लिनक्सची शनिवार-रविवारची बॅच, ९ हजार, लेखी पावती, प्लेसमेंटचं गाजर नको म्हणून सांगितलं. फुकटचं सगळं नेटवर आहे हे मलाही कळतं. वाकडला एका खोलीत चौघं राहतो, दिवसा झोपतो, आणि समोर कुणी बसल्याशिवाय माझ्याच्यानं अभ्यास होत नाही. तो एनपीटेलचा कोर्स मी दोनदा सुरू केलाय, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडला. उरलेल्या पैशात दिवाळीनंतर ईजेपीटी बघतो. आमच्या सॉकच्या शिफ्ट लीडला चहा पाजला, लॉग बघायला बसू देतो म्हणालाय.

चिपळूणची_माई
चहा रोज पाजा.

बंडूनाना
९ हजारात सीईएच मिळालं? क्लासचा नंबर द्या.