'लागवड खर्च' म्हणजे नक्की कसला खर्च?

शब्दवेडी:
हमीभाव कसा ठरतो यावरच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही प्रती समोर आहेत. मुळात दोन वेगळे हिशेब आहेत. एक हेक्टरी: नांगरटीपासून काढणीपर्यंत एका हेक्टराला किती पैसे गेले. दुसरा क्विंटलमागचा. हिंदीवाल्यांनी पहिल्याला 'खेती की लागत' आणि दुसऱ्याला 'उत्पादन लागत' म्हणून वाट काढली आहे. मी 'लागवड खर्च' आणि 'उत्पादन खर्च' असं लिहिलं. मसुदा कोल्हापूरकडच्या एका शेतकरी बाईंना वाचायला दिला, तर त्यांनी पहिल्याच तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "यात नुसता खताचाच खर्च का धरलाय? मजुरी कुठं गेली?"
'लागवड' या शब्दात खत कुठून आलं? आणि आता काय लिहू?

पंचगंगाकाठ:
बाईंचं अगदी बरोबर आहे. आमच्याकडे लागवड म्हणजे रासायनिक खत. 'उसाला लागवड टाकली', 'दुसरी लागवड राहिलीय', 'लागवडीची पोती आणायची आहेत' असंच बोलतात. ऊस लावतात त्याला लागण म्हणतात. आडसाली लागण, सुरू लागण. त्यामुळे 'लागवड खर्च' वाचून आमच्याकडच्या माणसाला युरिया आणि पोटॅशच आठवणार.

जुनी वही:
लागवडीचा मूळ अर्थ लावणे, रान पिकाखाली आणणे. 'लागवडीखालील क्षेत्र' सातबारा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कळतं. एका भागात शब्दाला वेगळा अर्थ चिकटला म्हणून राज्यभरच्या पुस्तिकेतून तो काढायचा का? उद्या प्रत्येक तालुक्यासाठी वेगळी पुस्तिका काढावी लागेल. तळटीप द्या आणि पुढे चला.

पंचगंगाकाठ:
एका भागात म्हणता तो अख्खा ऊसपट्टा आहे हो. आणि तळटीप कोण वाचतं? हमीभावाचं पुस्तक ज्याच्यासाठी आहे त्यालाच पहिल्या ओळीत अडखळवायचं आणि वर म्हणायचं की तुझा अर्थ चिकटलेला आहे, हे मला पटत नाही.

वऱ्हाडी माणूस:
आमच्याकडं 'लागत' म्हणतात, सरळ. 'कापसाची लागत निघाली नाही.' सगळ्यांना कळतं. लागतच लिहा ताई.

जुनी वही:
लागत हिंदी आहे. विदर्भात हिंदीचा शेजार आहे म्हणून ती बोलण्यात आली, हे समजू शकतो. पण मराठी पुस्तिकेत छापायची म्हणजे आपल्याकडे शब्दच नाही अशी कबुली दिल्यासारखं होईल. 'परिव्यय' हा घडवलेला शब्द आहे, अभ्यासक्रमात आहे, परिव्यय-लेखा हा विषय त्याच नावाने शिकवला जातो. तो वापरा.

वऱ्हाडी माणूस:
'किती पैसे लागले?' हे मराठी आहे ना? 'घर बांधायला किती लागलं?' हेही मराठीच. मग जे लागलं त्याला लागत म्हटलं तर हिंदी कसं होतं? बचणे-बचत चालतं, रंगणे-रंगत चालतं, आणि लागणे-लागत मात्र परकी! परिव्यय शेतात कोण बोलतं ते सांगा. आमच्या गावात हा शब्द उच्चारणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

शब्दवेडी:
परिव्यय माझ्याही मनात येऊन गेला होता. पण मोठ्याने वाचून पाहिलं आणि थांबले. ज्या बाईंनी मजुरी कुठे गेली विचारलं, त्यांच्यापुढे हा शब्द ठेवायचा म्हणजे त्यांना गप्प करणं. मला ते नको आहे.

मुनीम:
मी बाजार समितीत अडत्याच्या गाळ्यावर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे हिशेब, लिहिल्या आहेत, तेव्हा त्या बाजूने बोलतो. पट्टीवर वर मालाचं वजन, भाव, रक्कम. खाली हमाली, तोलाई, वाराई, भाडं, आणि पूर्वी अडत, म्हणजे अडत्याची दलाली, हीसुद्धा. या सगळ्याला एकच नाव: खर्च. 'खर्च वजा जाता' जी रक्कम राहते ती शेतकऱ्याच्या हातात पडते. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम झाला. तेव्हापासून तो रकाना पट्टीतून गेला.
सांगायचं म्हणजे, बाजारात खर्च हा शब्द फार नेमका आहे. हातातून बाहेर गेला तो खर्च. ज्याचे पैसे कुणाला मोजले नाहीत, त्याला खर्च म्हणत नाहीत. तुमच्या पुस्तिकेत खरी अडचण लागवडीची नसून खर्चाची आहे असं मला वाटतं.

जुनी वही:
मुनीमजी, तुम्ही म्हणता ते त्या शब्दाच्या मुळातच आहे. खर्च फारसीतून आला, पण त्याचं मूळ अरबी. ख-र-ज या धातूचा अर्थ बाहेर पडणे. 'दावा खारीज झाला' यातला खारीज त्याच घरातला, म्हणजे बाहेर काढलेला. खर्च म्हणजे बाहेर गेलेलं. आणि जमा म्हणजे गोळा झालेलं, तोही अरबीच. जमाखर्च हा जोडशब्द म्हणजे आत आलेलं आणि बाहेर गेलेलं.
आता संस्कृत पाहा. व्यय म्हणजे वि अधिक 'इ', इ म्हणजे जाणे. निघून जाणं. ज्याला व्यय नाही, जे बदलत नाही, झिजत नाही, ते अव्यय. दोन भाषांचा काही संबंध नसताना दोघींनी पैशाकडे एकाच नजरेनं पाहिलं, हे मला फार सुंदर वाटतं. म्हणूनच म्हणतो, खर्चाऐवजी व्यय घेतला तर काही हरवत नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच विचाराने.

पंचगंगाकाठ:
कोशाबद्दल आदर आहेच. पण महाराजांनी कोश करवून घेतल्यावरही खर्च घराघरात राहिला आणि आजही आहे. लोकांनी त्याला इतकं आपलं केलं की त्यातून खर्चणे हे क्रियापद झालं, खर्चिक झालं, वाटखर्ची झाली, 'प्राण खर्ची घातले' झालं. एवढा गोतावळा असलेल्या शब्दाला परका कसं म्हणायचं?

नवशिका:
मुनीमकाका, 'ज्याचे पैसे मोजले नाहीत त्याला खर्च म्हणत नाहीत' हे जरा उलगडून सांगाल का? हमीभावाच्या बातम्यांत ए-२, एफएल, सी-२ असं काहीतरी असतं, ते याच्याशीच जोडलेलं आहे का?

शब्दवेडी:
हो, तेच. मीच सांगते, कारण तेच भाषांतरायचं आहे. ए-२ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष मोजलेलं सगळं, रोख किंवा वस्तुरूपात: बियाणं, खत, औषध, लावलेली मजुरी, डिझेल, पाणी, कसायला घेतलेल्या रानाचा खंड, म्हणजे भाडं. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची अंदाजे किंमत मिळवली की ए-२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. हमीभाव खर्चाच्या दीडपट असावा, या स्वामीनाथन आयोगाच्या शिफारशीवरून जी ओढाताण चालते ती इथलीच. शेतकरी संघटना दीडपट मागतात ती सी-२ च्या, आणि २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर सरकार दीडपट म्हणतं ते ए-२ अधिक एफएलच्या. दोघेही मराठीत 'उत्पादन खर्चाच्या दीडपट' असंच म्हणतात! वाचणाऱ्याला फरक कळणार कुठून?

मुनीम:
हेच मला म्हणायचं होतं. ए-२ हा आमच्या भाषेतला खर्च. त्यापुढचं शेतकरी खर्चात धरतच नाही. तुम्ही कुणालाही विचारा, सोयाबीनला खर्च किती आला. तो बियाणं, फवारणी, मळणी सांगेल. बायको आणि म्हातारी आई रोज रानात होत्या, हे तो सांगणार नाही.

पंचगंगाकाठ:
आमची आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला, म्हणजे खुरपायला, गेली की मजुरी मिळायची, तिचा हिशेब व्हायचा. आपल्या रानात तेच काम केलं की त्याला नावच नसायचं. 'घरचंच आहे' म्हणायचे. आणि पैऱ्याचं काय? आज मी तुमच्याकडे, उद्या तुम्ही माझ्याकडे. पैसा फिरत नाही, पण दिवस तर जातो. इर्जिकीला, म्हणजे गावकरी मिळून एकाचं रान नांगरून द्यायला आले की, जेवण घालायचे, ते कुठल्या रकान्यात मांडणार?

वऱ्हाडी माणूस:
म्हणून तर लागत म्हणतो. पैसा गेला की नाही हे लागत विचारत नाही. जे जे लागलं ते सगळं तिच्यात बसतं, घरचा माणूस लागला तर तोही. ए-२ ला खर्च म्हणा आणि सी-२ ला लागत.

जुनी वही:
ही मांडणी विचार करण्यासारखी आहे, हे मान्य करतो. शब्द हिंदी आहे हे माझं मत मात्र कायम आहे. 'लागणारं' या अर्थाने 'लाग' घेता येईल का?

वऱ्हाडी माणूस:
लाग चालणार नाही. 'आंब्याला लाग चांगला आहे' म्हणजे फळ धरलंय. परत तोच घोळ.

शब्दवेडी:
मग 'प्रत्यक्ष मोजलेला खर्च', 'घरच्या कष्टासह खर्च', 'सर्व धरून खर्च' असं तीन पायऱ्यांत लिहिलं तर? लांब आहे, पण कुणालाही समजेल. हेक्टरी हिशेबाला 'हेक्टरी खर्च' आणि दुसऱ्याला 'क्विंटलमागे खर्च'. मग 'लागवड खर्च' लिहायलाच नको.

पंचगंगाकाठ:
हे झकास. आता उसापुरता आणखी एक काटा काढा. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, त्याला मराठीत 'रास्त आणि किफायतशीर दर' म्हणतात. शेतकऱ्याला परवडेल, चार पैसे सुटतील असा दर, हा त्यातला अर्थ. पण दुकानाच्या पाटीवर 'किफायतशीर दरात साड्या' लिहिलं की स्वस्तात! मग किफायत कुणाची? आमच्या पुतण्याने शाळेत असताना बातमी वाचून विचारलं होतं, सरकार ऊस स्वस्तात द्यायला सांगतंय का? मला तेव्हा उत्तर जड गेलं.

जुनी वही:
किफायत अरबी. पुरेसं होणं, भागणं. तिथून आपल्याकडे फायदा आणि बचत असे दोन्ही अर्थ आले. विकणाऱ्याला भागेल इतकं म्हटलं की भाव चढा हवा, घेणाऱ्याला भागेल इतकं म्हटलं की उतरता. शब्द दोघांचा आहे, म्हणून कायद्याच्या भाषेत तो एकटा ठेवू नये. 'शेतकऱ्यास किफायतशीर' असं लिहायला हवं होतं.

नवशिका:
स्वस्त-महागचं निघालंच आहे तर विचारतो. 'सवंग लोकप्रियता' मधला सवंग काय आहे? आजी 'यंदा तूरडाळ सवंग आहे' म्हणायची, आणि त्यात तिला वाईट काही म्हणायचं नसायचं.

जुनी वही:
आजींचा अर्थ जुना आणि खरा. महाग आला महार्घ वरून, अर्घ म्हणजे किंमत, मोल. ज्याचा अर्घ मोठा ते महाग. सवंग आला समर्घ वरून, ज्याचा अर्घ बेताचा ते. गुजरातीत सोंघुं आहे, तेही तिथलंच. महागाईच्या जोडीला सवंगाई होती आणि ती आनंदाची गोष्ट होती. पुढे स्वस्त आलं, बाजारातली जागा त्यानं घेतली, आणि सवंगाला फक्त हलकेपणा उरला. मला याचं वाईट वाटतं.

मुनीम:
जुन्या पट्ट्यांत भाव पडला की 'मंदी' लिहायचे, सवंग मी लिहिलेलं पाहिलं नाही. बोलण्यात मात्र ऐकलंय.

शब्दवेडी:
वहीकाका, व्यय-खर्चावर तुम्ही बोललात पण वेच राहिला. तुकोबांचं 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' यातला वेच हा व्ययच ना? 'खर्चवेच' आपण अजून म्हणतो, म्हणजे फारसी आणि देशी एकाच पाटावर बसलेत. मग फुलं वेचणे कुठून आलं? एकात गोळा करायचं, दुसऱ्यात देऊन टाकायचं.

जुनी वही:
दोन वेगळे शब्द, एकच रूप. खर्च करण्याचा वेच व्ययाकडचा. फुलं वेचणे 'वि' अधिक 'चि' कडचं, निवडून गोळा करणे. 'आयुष्य वेचलं' यात पहिला.

पंचगंगाकाठ:
मला नाही वाटत ते इतकं सरळ. 'त्यांनी आयुष्य वेचलं' ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एकेक दिवस निवडून दिल्यासारखं येतं. बोलणाऱ्यांनी दोन्ही एक केलेत. तुमच्या व्युत्पत्तीने ते सुटे होणार नाहीत.

जुनी वही:
मनात काय येतं आणि शब्द कुठून आला, या वेगळ्या गोष्टी आहेत.

वऱ्हाडी माणूस:
कापूस वेचणीला बाया किलोवर येतात. वेचणीचाच वेच सगळ्यात जास्त, असं आमच्याकडं एकाच वाक्यात दोन्ही बोलता येतं. हिंदीतला बेचना यातला कुठला?

जुनी वही:
मला तो खर्चाच्या बाजूचा वाटतो. देऊन टाकण्याचा अर्थ दोन्हींत आहे. पण ठामपणे बोलायचं तर प्राकृतातली रूपं लावून पाहायला हवीत. कुणाकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती हाताशी असेल तर 'वेंचणें' अनुस्वारासह शोधा. दोन नोंदी सुट्या दिल्या आहेत की एकाखाली, तेही सांगा.