जनरल नेलँड तिसऱ्या डाउनलाच पंट का करायला लावायचे?

थर्ड_अँड_लाँग:
जुन्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल वाचतोय सध्या आणि टेनेसी युनिव्हर्सिटीचे कोच जनरल रॉबर्ट नेलँड यांच्यापाशी येऊन अडकलोय. १७३ विजय, ३१ पराभव, १२ बरोबरी, रेकॉर्ड तर जबरदस्तच, पण दहा यार्ड पुढे जायला चार डाउन म्हणजे चार प्रयत्न मिळत असूनही टीम बऱ्याचदा चौथ्या डाउनची वाटच बघायची नाही, तिसऱ्यालाच किंवा त्याच्याही आधी पंट, म्हणजे लांब किक मारून बॉल समोरच्यांकडे देऊन मोकळी. अख्खा चान्स शिल्लक असताना बॉल समोरच्याला का द्यायचा? हे घाबरून खेळणं होतं की काही हिशोब होता?

सिंगलविंगवाला:
घाबरून अजिबात नाही, उलट तो हल्लाच होता. सिंगल विंग या जुन्या रचनेत स्नॅप (डाव सुरू करताना मागे दिलेला बॉल) थेट मागे उभ्या टेलबॅककडे, तोच पळणार, तोच पास टाकणार, तोच किक मारणार, त्यामुळे समोरच्यांना शेवटच्या क्षणापर्यंत पत्ता लागत नाही. चौथ्या डाउनला पंट येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, माणूस मागे जाऊन तयार उभा असतो. तिसऱ्याला तसं नसतं, सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) पुढे आलेला, बॉल त्याच्या डोक्यावरून जातो आणि टप्पा खाऊन गडगडत सुटतो, उचलायला कोणीच नाही.

आता समजा समोरचे स्वतःच्या गोललाइनपासून १० यार्डांवर कोंडले गेले. पुढे ९० यार्ड, तेही नेलँडच्या डिफेन्ससमोर! फंबल झाला, म्हणजे बॉल हातातून सुटून तुम्हाला मिळाला, तर टचडाउनची गोललाइन दहा यार्डांवर, नाही झाला तरी त्यांना एंडझोनमध्ये (गोललाइनमागच्या पट्ट्यात) उभं राहून पंट करावा लागणार आणि तुम्हाला बॉल मिडफिल्डच्या आसपास मिळणार. बॉल दिला पण मैदान घेतलं ना. नेलँडच्या सात सूत्रांमधलं पहिलंच हे, की कमीत कमी चुका करणारी टीम जिंकते. टेनेसीचे खेळाडू आजही मॅचआधी ती सूत्रं एकत्र म्हणतात.

जुनेनियम:
त्या काळचे नियमही बघा, नाहीतर हे पटणारच नाही. १९३४ पर्यंत बॉल जास्त फुगीर होता, लांब पास टाकणं अवघड. शिवाय बाहेर गेलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये परत येऊ शकत नव्हता, म्हणून तेच अकरा जण ऑफेन्सही खेळायचे आणि डिफेन्सही. दमलेल्या पोरांना स्वतःच्या गोललाइनपाशी जोखीम घ्यायला लावण्यापेक्षा किक मारणं शहाणपणाचंच होतं. नेलँड वेस्ट पॉइंट या आर्मी अकॅडमीचे, आर्मीत इंजिनियर, सगळं मोजूनमापून.

थर्ड_अँड_लाँग:
आत्ता कळलं! पण मग डिफेन्स खरंच तेवढा भारी होता का?

सिंगलविंगवाला:
१९३९ चा रेग्युलर सीझन बघा, १० मॅच, समोरच्यांना एकही पॉइंट नाही. शून्य!

रोझबोल४०:
मान्य, पण त्याच टीमला १९४० च्या रोझ बोलमध्ये (सीझननंतरची खास बोल मॅच) यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया) १४-० ने हरवलं हेही सांगा की. चूक समोरच्याने करायची यावरच सगळी भिस्त, आणि समोरचा चुकलाच नाही तर मागून येऊन जिंकायला हे तत्त्वज्ञान तोकडं पडतं असं माझं स्पष्ट मत आहे.

सिंगलविंगवाला:
एका मॅचवरून कसं ठरवता? बहुतेक सगळे टी फॉर्मेशन या नव्या रचनेकडे वळले तरी नेलँडनी सिंगल विंग सोडली नाही आणि १९५१ ला एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी) नंबर एक झालेच ना.

रोझबोल४०:
झाले, आणि लगेच शुगर बोलमध्ये मेरीलँडच्या स्प्लिट-टी (टी फॉर्मेशनचाच प्रकार) समोर २८-१३ ने हरले. तेव्हा एपीचा शेवटचा पोल बोल मॅचच्या आधीच व्हायचा, म्हणून टायटल राहिलं.