पेडिकल स्क्रूची पकड मोजण्यासाठी आंब्याचे लाकूड चालेल का?

देवरुखचा_विद्यार्थी:
सर्वांना नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपल्याकडे माडावरून, पोफळीवरून किंवा आंबे काढताना पडून मणका मोडलेली माणसे गावोगावी दिसतात, म्हणून प्रकल्पासाठी मणक्यात बसवल्या जाणाऱ्या पेडिकल स्क्रूची पकड हा विषय घेतला आहे. महाविद्यालयात 400 किलोन्यूटनचे यूटीएम (वस्तू ओढून-दाबून तिची ताकद मोजणारे यंत्र) आहे. आंब्याच्या लाकडाच्या ठोकळ्यात स्क्रू बसवून तो सरळ उपटला, तर वेगवेगळ्या आट्यांच्या दोन स्क्रूंची तुलना ग्राह्य ठरेल का?

चाचणीकार_चिपळूण:
लाकूड वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडापेक्षा ते बरेच घट्ट असते, रेषांच्या दिशेनुसार त्याची ताकद बदलते आणि आपल्या दमट हवेत ओलावा धरल्यावर ती आणखी बदलते. अशा चाचणीत आकड्यांमधला फरक स्क्रूमुळे पडला की ठोकळ्यामुळे, हे कधीच कळणार नाही. त्यासाठीच एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या एफ1839 या मानकातला कडक पॉलियुरेथेन फोम वापरतात. त्यातला ग्रेड 20 म्हणजे घनमीटरला सुमारे 320 किलो आणि ग्रेड 10 म्हणजे सुमारे 160 किलो. विरळ झालेल्या हाडासाठी हलका ग्रेड घ्यावा.

यंत्राचाही विचार करा. 400 किलोन्यूटनच्या एक टक्का म्हणजे 4 किलोन्यूटन, आणि हलक्या फोममधला स्क्रू त्याच्या कितीतरी आधी निघून येतो; इतके लहान बल एवढ्या मोठ्या यंत्रावर नेमके मोजता येत नाही. त्यामुळे लहान लोड सेल (बल मोजणारा संवेदक) असलेले यंत्र मिळवणे अत्यावश्यक आहे. एएसटीएमच्याच एफ543 या मानकाप्रमाणे मिनिटाला 5 मिलिमीटर वेगाने, स्क्रूच्या अक्षातच ओढा. दोन्ही स्क्रूंचा बाहेरचा व्यास आणि आत गेलेली लांबी सारखीच ठेवा, कारण पकड त्यांवरही अवलंबून असते. प्रत्येक वेळी नवे भोक पाडा. निघालेला स्क्रू नीट न्याहाळा: आट्यांमध्ये फोम गच्च भरलेला असेल, तर तो आट्यांच्या कडेने कातरला गेला आहे, ठोकळाच तडकला असेल, तर ते वाचन बाद करा.

अस्थिशल्यचिकित्सक_सावंतवाडी:
वरील सूचना योग्यच आहेत, पण रुग्णाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. शरीरात स्क्रू सरळ उपटला जाणे हे क्वचितच घडते. रोवलेला खुंटा जसा आधी हलवून सैल केला जातो, तसा चालताना, वाकताना, उठताबसताना वर-खाली वाकवणारा भार स्क्रूभोवतीचे हाड हळूहळू दाबत जातो आणि मग एक्स-रेवर स्क्रूभोवती काळसर कडा दिसू लागते. झाडावरून पडलेल्या तरुणाच्या हाडात ही भीती कमी असते. ठिसूळ हाडांच्या वृद्ध स्त्रीमध्ये मात्र आम्हाला कधी जाड स्क्रू, तर कधी हाडात भरायच्या सिमेंटचा आधार घ्यावा लागतो. म्हणून केवळ सर्वाधिक बलाच्या आकड्यावरून एखादा स्क्रू श्रेष्ठ ठरवू नये.

देवरुखचा_विद्यार्थी:
डॉक्टर, मनःपूर्वक आभार. मग आवर्ती (पुन्हा पुन्हा येणाऱ्या) भारासाठी एएसटीएमच्या एफ1717 या मानकाचे 50 लाख आवर्तनांचे निकष लावावेत का?

चाचणीकार_चिपळूण:
नाही. त्या चाचणीत ठोकळे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचे (एक चिवट प्लास्टिक) असतात आणि तपासला जातो तो स्क्रू-दांड्यांच्या संपूर्ण जोडणीचा थकवा. हाडातल्या पकडीबद्दल ती काही सांगत नाही. त्यापेक्षा फोममधल्या स्क्रूच्या डोक्यावर ठरावीक आडवा भार आलटून-पालटून द्या, डोके किती सरकते ते नोंदवा आणि त्यानंतर तोच स्क्रू उपटून पाहा. न हलवलेल्या स्क्रूच्या तुलनेत पकड किती उरली, हा आकडा डॉक्टरांच्या अधिक उपयोगाचा आहे.