चॅनेलनं स्वतःच्याच सिरियलला अवॉर्ड द्यायचं, ह्याला पुरस्कार म्हणायचं का?

राजवाडा_चौक (सातारा):
काल परत एका चॅनेलचा अवॉर्ड सोहळा बघितला, म्हणजे घरात लावलेला होता म्हणून बघावा लागला. नायक त्यांच्याच सिरियलचा, खलनायिका त्यांचीच, सासू त्यांचीच. दुसऱ्या चॅनेलवर कुणी कामच करत नाय का? घरच्या लग्नात घरच्यांनीच आहेर वाटून घ्यायचा असला प्रकार. सिनेमाचे राष्ट्रीय पुरस्कार बघा, 1954 पासून चालू, पहिलं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला, नंतर ‘श्वास’, ‘कोर्ट’, ‘कासव’. तिथं बाहेरची ज्युरी बसते. चॅनेलवाल्यांनी सरळ गॅदरिंग म्हणावं की.

मेणवलीकर (वाई):
दादा, राष्ट्रीय पुरस्कारात सिरियलला विभागच नाही, मग सिरियलवाल्यांनी जायचं कुठं? आमच्याकडं घाटावर, वाड्यात शूटिंग चालतं तेव्हा बघा एकदा येऊन, सकाळी आलेलं युनिट रात्री अंधारात सामान आवरत असतं आणि उद्याचा एपिसोड उद्याच पाहिजे असतो. त्या पोरीला वर्षातनं एकदा स्टेजवर बोलावलं, आईबापानं टीव्हीवर बघितलं, तुमचं काय गेलं?
आणि राष्ट्रीयचं एवढं कौतुक नको. 2018 ला राष्ट्रपती फक्त 11 पुरस्कार देणार, बाकीचे मंत्री देणार म्हटल्यावर पन्नासच्या वर विजेते सोहळ्याला गेलेच नाहीत, विसरलात काय?

राजवाडा_चौक:
विसरलो नाय, पण ते भांडण पुरस्कार कुणाच्या हातनं घ्यायचा ह्याचं होतं, कुणाला दिला ह्याचं नव्हतं. आणि त्या पोरीबद्दल माझी तक्रारच नाय. पण तुम्ही म्हणता ते सामान आवरणारं युनिट, त्यातल्या लाईटवाल्याला, साऊंडवाल्याला काल स्टेजवर बघितलं का कुणी? तिकडं अमेरिकेत एमीला, म्हणजे त्यांच्या टीव्हीच्या पुरस्काराला, कॅमेरा, एडिटिंग, साऊंड ह्यांच्यासाठी क्रिएटिव्ह आर्ट्सचा वेगळा सोहळा असतो, एबीसी, एनबीसी सगळ्या चॅनेलची कामं एकाच रांगेत येतात आणि मत देणारे त्याच धंद्यातले असतात. आपल्याकडं ‘लाडकी जोडी’ आणि मध्ये अर्धा तास डान्स.

गणपतीपेठ_सांगली:
आमच्या सांगलीत विष्णुदास भावे पदक देतात, 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला. 1843 ला भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते गाव हे. ना एसएमएस मागत ना डान्स, तरी भले भले नट मान खाली घालून घ्यायला येतात, कारण देणारी समिती नाटकातली हाय.

मेणवलीकर:
काका ते मान्य, पण ते आयुष्यभराच्या कामाचं पदक, वर्षाच्या सिरियलचं नव्हे, इथं गल्लत करू नका. राजवाडा, टेक्निशियनचं मात्र पटलं. पण सगळ्या चॅनेलचं एकत्र करायचं तर दाखवणार कोण? एका चॅनेलनं दाखवलं तर दुसरं आपले कलाकार धाडंल का तिथं?

राजवाडा_चौक:
सह्याद्रीवर दाखवा. सरकारी हाय, कुणाचं भांडण नाय.

गणपतीपेठ_सांगली:
आणि बघणार कोण, आपण तिघं?