पहिली लाट, पहिली आपटी: सर्फिंगचे अनुभव येऊ द्या

माळा साफ करताना जुन्या सॅकमध्ये पांढरी वडी सापडली, खोबऱ्याच्या वासाची. सासूबाईंनी साबण समजून मोरीत ठेवली आणि लेकाने अंगभर चोळली. ते सर्फबोर्डाला लावायचं मेण! पाय घसरू नये म्हणून लावतात. शिकाऊंच्या फोमच्या बोर्डाला लागतही नाही, मी आपली हौसेने आणलेली.

तर मुल्की, कर्नाटकच्या किनाऱ्यावर, मंगळूरजवळ. मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडायची, दुसऱ्या दिवशी पहाटे उतरायचं. शांभवी नदी समुद्राला मिळते तिथे, नारळीत दडलेलं गाव. फ्लोरिडाहून आलेल्या एका स्वामींनी २००४ मध्ये इथे सर्फ क्लब काढला, लोक त्याला सर्फिंग आश्रमच म्हणतात. आधी वाळूवर सराव: पालथं पडा, वल्हवा, छातीशी हात टेका, एका झटक्यात उभे. वाळूवर मी चॅम्पियन. पाण्यात अकरा वेळा आपटले. बाराव्यांदा मागून शिकवणारा पोरगा ओरडला "अप! अप!" आणि मी उभी! तीन सेकंद असतील. वय तेव्हा ४१.

नाकात गेलेलं पाणी संध्याकाळी चप्पल घालायला वाकले तेव्हा बाहेर आलं, तेही हॉटेलच्या काउंटरसमोर.

तुमचे येऊ द्या.

बांगडा_फ्राय
मुल्कीला जाऊन खाण्याबद्दल एक अक्षर नाही?? नीर डोसा, कोरी रोटी, गोळीबजे, केळं घातलेले बन. निषेध.

कडू_कारलं
नीर डोसा म्हणजे आपलं घावन. उगाच कौतुक.

सात_समुद्र
आरुगम बे. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, कोलंबोहून रात्रभर बस. पाठ मोडली. पण आपल्याकडे जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो तेव्हाच तिथला सीझन, कारण नैर्ऋत्येचा वारा तिकडे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाट छान उभी राहते. टुकटुकच्या टपावर बोर्ड बांधून पहाटे निघायचं. एकदा वाटेत हत्ती, तो हलेपर्यंत थांबलो. मेन पॉइंटला खाली खडक, मी शहाणपणा करून गेलो. घोट्यावरची खूण अजून आहे. नवशिक्यांनी बेबी पॉइंटलाच राहावं. (बायको अजून ऐकवते.)

खाडीकाठची
गुहागरला वाढले, त्यामुळे एक सांगतेच. हसायचा धागा आहे, माहितेय. पाणी आत ओढायला लागलं की किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमता आणि तिथेच राहता. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो. बोर्ड सोडू नका, तोच तरंगतो. माझा चुलतभाऊ असाच वाचला. भात लावलाय, नंतर लिहिते.

सात_समुद्र
+१. गंमत म्हणजे सराईत सर्फर त्याच ओढीवर बसून फुकटात आत जातात.

उन्हात_बसलेली
मी सर्फिंग केलं नाही. नवऱ्याने केलं, मी छत्रीखाली स्वेटरची एक बाही पूर्ण केली. त्याचे चाळीस फोटो काढले, सगळ्यांत फक्त बोर्ड दिसतोय.

बांगडा_फ्राय
@उन्हात_बसलेली 😂😂 समुद्रावर स्वेटर?

उन्हात_बसलेली
भाचीला बाळ होणार होतं. पुण्याची थंडी असते हो.

कालचा_गोंधळ
विमानाने गेलो, बोर्ड दुसऱ्याच गावी पोचला. चार दिवसांनी मिळाला, तोवर परतीची वेळ. पाच दिवस मासे खाल्ले. तक्रार नाही.

घावनप्रेमी
@कडू_कारलं नाही हो. दोन्हीत आंबवणं नाही हे खरं, पण नीर डोशाच्या पिठात ओलं खोबरं वाटतात आणि तो उलटत नाहीत. आमच्याकडे घावन उलटतात.

कडू_कारलं
आमच्याकडे नाही उलटत.

घावनप्रेमी
मग ते घावन नाही.

खाडीकाठची
भात करपला. पण @धागाकर्ती, लेकाचं मेण निघालं का? खोबरेल चोळा, मग कोमट पाणी. नुसत्या पाण्याने जन्मात जायचं नाही.

धागाकर्ती
निघालं, थँक्यू. टॉवेल मात्र गेला. सासूबाई म्हणतात, वास चांगला होता.