रोजची दुखण्याची गोळी आणि कान: शॅरन कर्हन यांचं काम किती मनावर घ्यायचं?

वारणाकाठ:
आईला कमी ऐकू येतं हे आम्हाला कुकरमुळे कळलं. ती ओट्यापाशीच उभी होती, सहा शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करेना. वय ६३. गुडघ्यांसाठी गेली अकरा वर्षं आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, आठवड्यातले चार-पाच दिवस. तिच्या डब्यात अर्ध्या संपलेल्या पट्ट्या रबर लावून ठेवलेल्या असतात. या अकरा वर्षांत तिला पोटाचं विचारलं गेलं, किडनीचं विचारलं गेलं. कानाचा विषय एकदाही निघाला नाही.

मग वाचत बसले आणि बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या शॅरन कर्हन यांचं काम सापडलं. 'ऐकू कमी येणं म्हणजे वय झालं' हे उत्तर न स्वीकारता, त्यातलं किती टाळता येईल हे त्या वर्षानुवर्षं शोधत आल्या आहेत. २०१० मध्ये त्यांच्या गटाने जवळपास २७ हजार पुरुषांवरचा अभ्यास छापला. आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा वेदनाशामक घेणाऱ्यांत श्रवणदोष जास्त दिसला: ॲस्पिरिनला १२ टक्के, आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांना २१, पॅरासिटामॉलला २२. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत पॅरासिटामॉलचा आकडा ९९ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. २०१२ मध्ये ६२,२६१ स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यात ॲस्पिरिनचा संबंध दिसला नाही, पण आयबुप्रोफेन आठवड्यातून सहा-सात दिवस घेणाऱ्यांना २४ टक्के जास्त धोका.

पॅरासिटामॉलच्या पट्टीवर यकृताचा इशारा छापलेला असतो. कानाचाही छापायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड:
आईंबद्दल वाईट वाटलं. पण या आकड्यांवर इशारा छापायला माझा विरोध आहे. स्त्रियांच्या त्या अभ्यासात कोणाच्याही कानाला यंत्र लावून मोजलेलं नाही. २००९ च्या प्रश्नावलीत विचारलं, ऐकू यायचा त्रास आहे का आणि कितव्या वर्षी जाणवला. यातला दुसरा प्रश्न निव्वळ आठवणीवर चालतो.

दुसरं, रोज गोळी घेणारी बाई मुळात वेगळी असते. तिचं अंग दुखतं, झोप होत नाही, वजन वाढलेलं असतं, बीपी असतं. वजन, बीपी वगैरेंचा हिशेब त्यांनी वजा केला आहे, पण सगळं कधीच वजा होत नाही. आयुष्यभरात कानावर किती आवाज पडला याची नोंद त्यांच्याकडे नव्हती. ही उणीव त्यांनी स्वतःच लिहिली आहे.

आणि २४ टक्के म्हणजे शंभरातल्या चोवीस जणी बहिऱ्या झाल्या असं नाही. चौदा वर्षांत त्या सगळ्यांपैकी साधारण १६ टक्के स्त्रियांनी त्रास सांगितला. त्यावर चोवीस टक्के वाढ धरा, म्हणजे शंभरात सोळाच्या जागी वीस. तेही कारण खरोखर गोळीच असेल तर.

अर्धशिशी:
मी जरा चिडूनच लिहितेय, माफ करा. मला महिन्यातले आठ-नऊ दिवस डोकं उठतं. खोलीत अंधार करून, उलटीची बादली शेजारी ठेवून पडलेली असते तेव्हा पाच वर्षांच्या लेकीला 'आईजवळ जाऊ नकोस' असं सांगावं लागतं. गोळी घेतली की दोन तासांत उठून तिची वेणी घालता येते.

आमच्याकडे बायकांनी गोळी घेतली की आधीच बोलणी बसतात. 'सवय लागेल', 'जरा सहन कर', 'आमच्या वेळी नव्हत्या गोळ्या'. त्यात आता कानाची भर. असले अभ्यास छापून येतात, सासूबाईंच्या मोबाईलवर पोचतात, आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली जाते. दुखणं अंगावर काढल्याने काय काय बिघडतं त्याचा अभ्यास कोण छापणार?

वारणाकाठ:
@अर्धशिशी, तुमच्या हातातली गोळी कोणी काढून घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही. आईची गोळी मीच आणून देते. माझं म्हणणं एवढंच की किंमत काय पडू शकते ते आधी कळावं.

पांढरी टोपी:
मी ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, म्हणून बोलते. 'नुसती प्रश्नावली' म्हणून हे काम मोडीत काढू नका. ६२ हजारांचा तो गट अमेरिकेतल्या परिचारिकांचा आहे. १९८९ पासून त्या दर दोन वर्षांनी फॉर्म भरतायत. कुठली गोळी, आठवड्यातून किती दिवस, हे नर्सला विचारलं तर ती नीट लिहिते. आमचा जन्म औषधांचे तक्ते भरण्यात गेला. आणि ज्यांनी दुसऱ्यांची दुखणी उशाशी बसून काढली, त्यांनीच आपल्या दुखण्याची माहिती दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कर्हनबाईंनी पुढे यातल्या काही हजार जणींचे कान यंत्रावर तपासूनही घेतले. ज्या दोषावर बोट ठेवलं जातंय तो त्यांनाही दिसत होता.

आकडेमोड:
@पांढरी टोपी, बरोबर, पण यंत्रावरच्या त्या मोजण्यांतून माझ्या वाचनात आलं ते आहाराचं. गोळ्यांवरचे मुख्य निष्कर्ष प्रश्नावलीवरच उभे आहेत. २०१७ चा अभ्यासही तसाच. त्यात सहा वर्षांहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्यांत वाढ जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास निघाली. संशोधिकेच्या चिकाटीबद्दल आदर आहेच. पण संबंध दिसणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं.

ओपीडीनंतर:
कान-नाक-घसा हे माझं रोजचं काम. थोडं आतलं सांगतो.

कानाच्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, आवाज टिपायला लागणाऱ्या केसपेशी असतात: बाहेरच्या रांगांत साधारण १२ हजार, आतल्या रांगेत साडेतीन हजार. मेल्या की परत येत नाहीत. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली द्रव्यं कमी करतात, त्याने शंखाचा रक्तपुरवठा घटू शकतो. पॅरासिटामॉल ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य खर्ची घालतं, आणि तेच या पेशींचं संरक्षण करतं. म्हणजे कर्हन म्हणतात ते शरीरशास्त्राला सोडून नाही. ॲस्पिरिनचं तर जुन्या डॉक्टरांना पाठ होतं: सांधेदुखीच्या रोग्याला कानात गुणगुण सुरू होईपर्यंत डोस चढवायचा, मग एक पायरी खाली यायचं. ती गुणगुण गोळी थांबवल्यावर सहसा जाते.

तरीही @वारणाकाठ, एक विचारतो. आई राहतात कुठे, पूर्वी काम काय करायच्या? आणि ऑडिओग्राम, म्हणजे खालच्या-वरच्या पट्टीतले आवाज किती ऐकू येतात त्याचा आलेख, झाला आहे का?

वारणाकाठ:
इचलकरंजी. आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता, मधे एक भिंत. आई वीस वर्षं तिथे कांड्या भरायची. लहानपणी आम्ही सगळेच ओरडून बोलायचो, पाहुणे म्हणायचे भांडताय की काय.

ऑडिओग्राम झालाय. रेघ डावीकडून बरी येते आणि ४००० हर्ट्झपाशी एकदम खाली जाते, ८००० ला थोडी वर येते. दोन्ही कानांत तसंच.

ओपीडीनंतर:
४००० चा हा खड्डा आवाजाने झालेल्या इजेत दिसतो. मागाची खटखट वीस वर्षं कानावर पडली, पहिला संशय तिच्यावर. गोळीने भर घातली का, ते या कागदावरून कोणीच सांगू शकणार नाही.

आकडेमोड:
मी म्हणत होतो ते हेच. आवाजाची नोंद नसली की सगळा दोष गोळीवर जातो.

वारणाकाठ:
हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. मागांचा आवाज माझ्या डोक्यातही आला नाही, इतका तो आमच्या अंगवळणी पडलेला. तेवढं मी चुकले, मान्य.

पण इशाऱ्यावरून मी मागे हटत नाही. ज्या कानाला मागांनी आधीच मार दिलाय, त्याचं उरलेलं तरी जपायला हवं ना? कानाचं एकदा जरी विचारलं असतं, तरी ऑडिओग्राम दहा वर्षं आधी झाला असता.

कोपऱ्यावरचं मेडिकल:
काउंटरमागून सांगतो. इशारा छापला तरी वाचत कोणी नाही, पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा छापील मजकूर अर्धा माझ्याकडेच राहतो. आणि माणूस घाबरला की गोळी सोडून 'देशी औषधाच्या' पुड्या आणतो. अशा पुड्यांत स्टेरॉईड घातलेलं सापडतं. तोंड सुजलेली, साखर वाढलेली माणसं नंतर माझ्याकडेच येतात. त्यापेक्षा 'आठवड्यातून किती दिवस घेताय?' एवढं आम्ही विचारलं तरी पुष्कळ होईल.

दादर पूर्व:
माझ्या भावाला औषधांना दाद न देणारा क्षय होता. कॅनामायसिनच्या सुया, आठ महिने. कान गेले, जीव वाचला. तिथे तर शंका घ्यायला जागाच नाही. या जातीच्या औषधांनी कान जातात हे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हापासून ठाऊक आहे. तरी त्याच्या कानाची तपासणी सुया सुरू करताना झाली नाही, मधेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन नको म्हटलं ते २०१९ च्या सूचनांत.

क्षयाच्या औषधांनीच ऐकू येणं गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याच वर्षी बेडाक्विलीनचं पेटंट लांबवायला आपल्याकडे हरकत घेतली, आणि २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सुयांऐवजी देता येणारं औषध स्वस्त व्हायची वाट त्याने मोकळी झाली. म्हणून @आकडेमोड, पुरावा पक्का व्हायची वाट बघा म्हणता तेव्हा मला भीती वाटते. पक्का पुरावा हातात असूनही आमच्याकडे कान कोणी तपासले नाहीत.

आकडेमोड:
तुमच्या भावाच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. कान तपासण्याला माझा विरोध कधीच नव्हता. छापील इशाऱ्याला आहे, आणि तो कायम आहे.

अर्धशिशी:
@वारणाकाठ, आईंना गोळीबद्दल विचारलंत का? त्या काय म्हणतात?

वारणाकाठ:
विचारलं. मोठ्याने, दोनदा. म्हणाली, 'गुडघा मला एकटीला दुखतो. ऐकू आलं नाही तर तुम्हा सगळ्यांना ओरडावं लागतं. पण जिना मलाच चढायचाय.' गोळी चालू आहे, डॉक्टरांशी बोलून आठवड्यातून दोन दिवसांवर आणली आहे. ऐकण्याच्या मशीनचं माप सोमवारी.

अर्धशिशी:
मी पण तपासणीची वेळ घेतली आहे, पुढच्या बुधवारची. गोळी सोडणार नाही. पण आज रेघ कुठे आहे ते मला माहीत असलेलं बरं. कागद आला की इथे लिहिते.