रेलबाइकवर कुत्रा न्यावा का?

रामबागची ताई
माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिथे फोर्ट ब्रॅगला स्कंक ट्रेन आहे, १८८५ सालापासूनची, मुळात लाकूड वाहायला घातलेली. तिच्याच रुळांवर आता रेलबाइक चालते. दोघांनी शेजारी बसून पायडल मारायची उघडी चारचाकी, मदतीला बॅटरी. रेडवुडच्या जंगलातून पुडिंग क्रीकच्या काठाने जाते. भाचीला लॅब्रेडॉरला बरोबर न्यायचंय. मी तिला नको म्हटलं. रुळांवरच्या चाकांचा आवाज सारखा कानाशी. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतच्या पट्टीचं ऐकू येतं, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही वरचं. जो आवाज आपल्याला येतच नाही, त्याचा त्याला त्रास होत नाही हे आपण कशावरून सांगायचं?

सुदामानगर
ताई, हे नाही पटलं. आपल्या इंदूरात स्कूटरच्या पायाशी उभी राहून भर सराफ्यातून जाणारी कुत्री रोज दिसतात. आमची शेरी किल्ली वाजली की दारात हजर. तिला दिवसभर कुलूपबंद घरात ठेवायचं आणि आपण जंगल बघायचं, हा कुठला न्याय? सवय असलेल्या कुत्र्याला खुशाल न्यावं.

महूवाला
स्कूटर कधीही थांबवता येते. रेलबाइकच्या मागे-पुढे दुसऱ्या गाड्या असतात, मधेच थांबून चालत नाही. आणि पट्टा. लोक गळ्यातला पट्टा गाडीच्या दांडीला बांधतात. कुत्र्याने माकड बघून उडी मारली तर तो त्याच पट्ट्याला लटकणार, खाली चाकं. न्यायचंच तर छातीचा हार्नेस घाला आणि दोरी माणसाच्या हातात ठेवा.

आपल्याकडे महूजवळ पाताळपाणी-कालाकुंडच्या मीटर गेजवर २०१८ पासून हेरिटेज गाडी आहे. उद्या तिथे रेलबाइक आलीच तर कुत्र्यांना माझा साफ विरोध राहील. तिथल्या चोरलच्या जंगलात बिबटे आहेत आणि कुत्रा ही बिबट्याची आवडती शिकार. उलटा धोकाही आहे, कुत्र्याकडून जंगली जनावरांना. गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह गेले, त्यांतल्या बऱ्याच जणांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांतही असतो.

लोकमान्यनगर
रेल्वेचा नियम बघा ना. कुत्रा एक तर फर्स्ट एसीच्या कूपेत, नाही तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. उघड्या गाडीचा प्रश्नच नाही.

सुदामानगर
गार्डच्या डब्यातली ती पेटी पाहिलीय का कधी? अंधारी, बाजूला सामान आदळतंय. त्यापेक्षा मालकाच्या पायाशी उघड्या हवेत बसलेला कुत्रा कितीतरी सुखी.

हार्नेसचं मान्य. कालाकुंडला नको, तेही मान्य, मे महिन्यातल्या उन्हात तर नकोच, कारण कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पण फोर्ट ब्रॅग समुद्रकाठी, तिथली हवा गार. भाचीला सांगा, आधी उभ्या गाडीवर बसवून बघ. शेपूट पायात घातली, सारख्या जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तर उतरव.

रामबागची ताई
उतरवून ठेवणार कुठे? तिकीट काढलेलं, मागे रांग, नवरा गाडीत बसलेला. अशा वेळी कुणी उतरवत नाही हो. "पाच मिनिटांत शांत होईल" म्हणतात आणि निघतात. हे ठरवायचं ते घरीच, बुकिंगच्या आधी. मी तिला आज पुन्हा फोन करणार आहे.